मागे कोणी नाही

आमच्या घरात भिण्याचा हक्क फक्त म्हशीला होता. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. आजोबाही पलटणीतलेच. थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला आणि तिकडच्या मातीतच राहिला. अशा घरात मी भित्रा निपजलो. लहानपणी विहिरीला भ्यायचो, मोठा झाल्यावर कागदाला भ्यायला लागलो. विहिरीची भीती पोहायला शिकल्यावर गेली, कागदाची अजून गेलेली नाही. आजही टपालानं सरकारी पाकीट आलं की मी ते फोडण्याआधी उजेडात धरून बघतो, आणि घरातली माणसं मला हसतात.

हसू देत. त्यांनी तो अकरावा प्रश्न वाचलेला नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन मी सांगलीला एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडपासून दोन कोसांवर, कालव्याखालचं. रान सगळं उसाचं. पण खालच्या अंगाचं आमचं दीड एकर चोपण होऊन बसलं होतं. कालव्याचं पाणी मिळतंय म्हणून माणसांनी ते जमिनीला पाजलं, पाजलं आणि पाजतच राहिली. शेवटी जमिनीनं अंगावर पांढरं मीठ काढलं आणि ऊस गुडघ्याच्या वर यायला तयार होईना. गावातले म्हणायचे, नजर लागली. मी म्हणायचो, अजीर्ण झालंय. अशा जमिनी पुन्हा दुरुस्त कशा करायच्या ते शिकवणारं एक विद्यापीठ अमेरिकेत आहे असं मला कळलं होतं. मी तिकडं पत्रांमागून पत्रं लिहिली. एके दिवशी उत्तर आलं, जागा दिली आहे, फी माफ, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जानेवारीत हजर व्हा. मुंबईतल्या आमच्या वकिलातीतून विद्यार्थ्याचा व्हिसा तेवढा घेऊन या.

तो ‘तेवढा’ व्हिसा मागण्याचा फॉर्म ऑक्टोबरात आला. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत मी तो उघडला. नाव, गाव, जन्म, शिक्षण, सगळं सरळ होतं. अकराव्या प्रश्नाशी माझी बोटं थांबली. यापूर्वी आमच्या देशाच्या व्हिसासाठी आपण कधी अर्ज केला होता काय? केला असल्यास केव्हा, कशासाठी, आणि त्याचं पुढं काय झालं? त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा ज्याचा इरादा आहे त्यालाच विद्यार्थी म्हणून येता येईल, आणि खोटी माहिती देणाऱ्याचा अर्ज कायमचा फेटाळला जाईल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण मी अर्ज केला होता.

त्याची हकीकत अशी. आबांचा धाकटा भाऊ, माझा चुलता, पहिल्या महायुद्धाच्या वेळी बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला लागला. अमेरिकेच्या एका बंदरात तो खाली उतरला आणि पुन्हा बोटीवर चढलाच नाही. तिथल्या फळबागांतून राबत राबत त्यानं बस्तान बसवलं. वर्षाकाठी त्याचं एखादं पत्र यायचं. दुसरं युद्ध संपल्यावर त्यानं कळवलं, इथं नवा कायदा झालाय, हिंदुस्थानातली थोडी माणसं कायमची राहायला घेणार आहेत, पोराचा अर्ज टाका. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर आबांनी मला साताऱ्याला नेलं आणि कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसणाऱ्या एका अर्जनविसापुढं उभं केलं. आमच्या गावाचे पाण्याचे अर्ज, पेन्शनीची कामं, भाऊबंदकीची पत्रं, सगळं त्याच्याच हातचं. त्याची पद्धत अशी, की सही आधी आणि मजकूर नंतर. मला पुण्याची मोटार गाठायची होती. कोऱ्या फॉर्मवर मी तीन ठिकाणी सह्या ठोकल्या.

“तुमी जावा,” अर्जनवीस म्हणाला. “बाकीचं मी सुभेदारांस्नी इचारून भरतो.”

मी गेलो. आबा मागं राहिले. काही महिन्यांनी गावी वकिलातीचं पत्र आलं. आबा म्हणाले, “नंबर लावल्याला हाय म्हणत्यात.” त्यांनी ते पत्र आपल्या पलटणीच्या ट्रंकेत टाकलं आणि मी विसरून गेलो. इंग्रजी वाचता येणारा, शेतकीचा पदवीधर होऊ घातलेला मुलगा कोऱ्या कागदावर सह्या करून मोकळा झाला होता. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला गाढव म्हटलं असतं.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर शेजारीच बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी फॉर्म ओढून घेतला, वाचला आणि परत दिला.

“नाही म्हणून लिहून टाका,” ते म्हणाले. “कोण बघतंय जुनं? खोटं बोल पण रेटून बोल.”

दिवसभर मला ते पटलं. शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, कारण चित्रकलेच्या मास्तरांच्या पोटात काही राहत नसे. हेडमास्तर थोडं आणि सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला एकच विचारलं.

“तो आधीचा अर्ज आता कुठं आहे?”

“वकिलातीत असेल.”

“म्हणजे त्यांच्याच कपाटात. मग ते तुम्हाला प्रश्न विचारत नाहीत, तुमचं उत्तर ताडून बघताहेत.” त्यांनी चष्मा पुसला. “आधी कायमचं राहायला मागितलं असेल आणि आता विद्यार्थी म्हणून मागत असाल, तर त्यांना वाटणारच, की हा पुढच्या दारानं जमलं नाही म्हणून मागच्या दारानं शिरतोय. ते वाटणं तुम्हाला खोडून काढता येईल. पण लपवलंत आणि सापडलात, तर काहीच खोडता येणार नाही. जा, त्यात काय लिहिलंय ते आधी बघून या.”

रविवारी मी साताऱ्याला गेलो. मला साताऱ्याच्या कचेरीची मुळातच धास्ती आहे. चळवळीच्या दिवसांत आमच्या उसात भूमिगत माणसं दडतात म्हणून पोलीस केव्हाही गावात घुसत. एकदा सुट्टीत घरी आलेल्या मला त्यांनी साताऱ्याच्या कचेरीत नेलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं. आत काय झालं ते मी घरी सांगितलं नाही, आणि आबांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त माझा सदरा उचलला आणि आईच्या हाती लागू न देता स्वतः विहिरीवर नेऊन धुतला. आमच्या घरात पुरुषानं कपडे धुतलेले मी तेवढ्या एकदाच पाहिले.

अर्जनवीस रविवारी घरी भेटला. त्यानं कुरकुर न करता माळ्यावरून दप्तर काढलं. गाठोड्यात गावागावांचे पुडके होते. पाटणचा पुडका, कराडचा पुडका, आमच्या गावाचा पुडका. त्यातून त्यानं निळ्या कार्बनची एक नक्कल ओढली आणि माझ्यापुढं धरली. खाली माझी सही नव्हती, पण वर माझं नाव होतं.

किती काळ राहणार, या रकान्यात लिहिलं होतं, कायम.

परतण्याचा इरादा आहे काय? नाही.

मायदेशी आपल्यावर अवलंबून असलेले कोण? कोणी नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या सहीवर असं लिहून गेलं होतं, की मला या देशात परत यायचं नाही आणि या देशात माझं कोणी नाही. आता त्याच कपाटासमोर जाऊन मला सांगायचं होतं, की दोन वर्षांत परत येतो.

“हे काय लिहिलंत तुम्ही?” मी म्हणालो. “कायमचं कोण मागत होतं? मला चार दिवस चुलत्याकडं जायलासुद्धा नको होतं.”

अर्जनविसानं मला खुणेनंच बसायला सांगितलं.

“आवं, मागायचं दांडगं, तवा मिळतंय बेताचं. दोन एकराला पाणी पायजे तर आमी चार एकराचा अर्ज लिवतो. सायेब त्यात निम्मं खोडतोय. त्याला बी बरं वाटतंय, आपलं बी काम हुतंय. दोन एकर मागितलं तर एकच मिळंल. अख्ख्या जिल्ह्याची रीत हाय ही.”

हे खरं होतं. आबांचा पाण्याचा अर्ज मी स्वतः लिहून दिला होता एकदा, आणि दुपटीनंच लिहिला होता. कालव्याच्या साहेबालाही ते ठाऊक असायचं. सगळेच दुप्पट मागत, तो सगळ्यांचं निम्मं करी, आणि कोणी कोणाला खोटारडा म्हणत नसे. एखाद्यानं खरोखर दोनच एकर मागितले असते तर त्याचा ऊस वाळला असता.

“बरं, ते राहू दे,” मी म्हणालो. “आणि हे? कोणी नाही म्हणून? माझे आई-बाप जिवंत आहेत.”

त्यानं नक्कल माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिली.

“मी मनानं काय बी लिवत न्हाई,” तो म्हणाला. “सांगणारा सांगतो, मी लिवतो.” एवढं बोलून तो दप्तर बांधायला लागला. मला वाटलं, हा आपली चूक झाकतोय. मी त्याला मनात शिव्या देत बाहेर पडलो.

गावी जाऊन आबांना सगळं सांगितलं. नक्कल वाचून दाखवली, तिचा मराठीत अर्थ सांगितला, दुपटीनं मागण्याची रीतही सांगितली. आबा दाराशी बसून ऐकत होते. आई आत भाकरी थापत होती. मी म्हणालो, त्या गाढवानं तुम्हाला दोघांनाही कागदावरून पुसून टाकलंय. आबा उठता उठता म्हणाले, “मी बी येतो म्हंबईला.”

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं मला कुठंही तो अकरावा रकाना दिसायचा. वर्गात फळ्यावर लिहिताना वाटायचं, हेही कोणीतरी जपून ठेवतंय. हेडमास्तरांनी मला समोर बसवून उत्तर लिहून घेतलं. होय, अर्ज केला होता. कायम राहण्यासाठी केला होता. तो आता मी मागे घेत आहे, सोबत तसं पत्र जोडलं आहे. त्यात लिहिलेली काही माहिती चुकीची होती, ती अशी अशी. “काय चुकलं ते सांगा,” हेडमास्तर म्हणाले, “का चुकलं ते विचारलं तर तोंडी सांगा.” मी ‘होय’ लिहिलं तेव्हा निबेतून शाईचा ठिपका पडला. मला तोही अपशकुन वाटला. दुसरा फॉर्म नव्हता, म्हणून तोच पाठवला.

नोव्हेंबरच्या अखेरीस बोलावणं आलं.

गाडीत आबा माझ्यासमोर बसले होते. अंगात पलटणीचा कोट, त्यावर पदकं. मी पुण्यापासून मुंबईपर्यंत त्यांच्यापुढं उत्तरांची उजळणी केली. दुपटीनं मागण्याची गोष्ट मी इंग्रजीत म्हणायचो आणि मग त्यांना मराठीत सांगायचो. ते मान हलवायचे. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, “न्हाई म्हणला त्यो सायेब तर?”

“तर संपलं. त्यांच्या कागदावर नकार लागला की पुढच्या प्रत्येक अर्जात तोच विचारणार.”

“मंजी एक कागूद लिवला की जन्माचा मागं लागतोय म्हण की.” एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्या वेळी वाटलं, त्यांना माझी कीव येते आहे.

वकिलातीत आबांना फाटकाशी थांबायला सांगितलं आणि मला एकट्याला वर पाठवलं. बाकावर माझ्याआधी एक बाई होती. ती आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि कोणाकडंही न बघता जिना उतरून गेली. माझी पाचावर धारण बसली. तिला काय झालं ते विचारायला सुद्धा जीभ उचलली नाही.

आतला साहेब वयस्कर, शिडशिडीत, सर्दी झालेला. मी त्याला राक्षस समजून आलो होतो आणि तो आपला सारखा रुमालानं नाक पुसत होता. यानं माझी भीती कमी व्हायला हवी होती. झाली नाही. कारण त्याच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर शाईचा ठिपका होता. दुसरा जुना.

“या तुमच्याच सह्या?” त्यानं जुन्या कागदावर बोट ठेवलं.

क्षणभर नाही म्हणावंसं वाटलं. मी होय म्हणालो.

“दोन वर्षांपूर्वी तुम्हाला कायमचं यायचं होतं. आज तुम्हाला दोन वर्षं शिकायचं आहे. मध्ये काय बदललं?”

मी सांगायला लागलो. कोऱ्या कागदावर सह्या केल्या हे सांगितलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मग कालवा, पाणी, दोन एकर हवे असताना चार एकरांचा अर्ज, निम्मं खोडणारा साहेब, सगळं सांगितलं. माझं इंग्रजी धापा टाकत होतं. साहेब ऐकत होता. नाक पुसत होता. मी थांबलो तेव्हा त्यानं रुमाल खाली ठेवला.

“असं,” तो म्हणाला. “म्हणजे तुमच्याकडं नेहमी दुप्पट मागतात. आज तुम्ही दोन वर्षं मागताय. मी त्याचं एक करू का?”

गाडीत मी हजार प्रश्नांची तयारी केली होती, ह्याची नव्हती. काय बोललो ते मला नीट आठवतं, कारण ते मी ठरवून बोललो नव्हतो.

“नको, सर. जास्त मागायची सवयच आमच्या जमिनीला बाधली आहे. दुप्पट पाणी मागितलं, काही वर्षं सगळं मिळालं, आणि त्यात दीड एकर मेलं. मला तेच दुरुस्त करायला शिकायचंय. त्याला दोन वर्षं लागतात. आज पहिल्यांदा मी लागतं तेवढंच मागतोय.”

तो हसला नाही. त्यानं जुना कागद माझ्याकडं फिरवला आणि शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

“पाण्याचं समजलं. हे नाही समजलं. मायदेशी कोणी नाही, असं लिहिलंय. यात दुप्पट काय मागितलंय?”

याचं उत्तर तीन आठवडे मलाही सापडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची मला भयंकर लाज वाटली.

“ते कसं आलं मला माहीत नाही, सर. ते चूक आहे. माझे वडील तुमच्या फाटकाशी उभे आहेत.”

साहेब उठला आणि खिडकीशी गेला. मग त्यानं शिपायाला खाली पाठवलं.

आबा वर आले. दाराशी पायताण काढून ठेवायला वाकले, पण शिपायानं त्यांना तसंच आत ढकललं. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबानं त्यांच्या पदकांकडं पाहिलं, मग जुन्या कागदाकडं. मला म्हणाला, “विचारा त्यांना, हा कागद कसा लिहिला गेला.”

मी विचारलं. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग साहेबाकडं बघत म्हणाले, “पान्याचा अर्ज लिवतो तसाच लिवला सायेब. मागायचं लय, मिळायचं थोडं. आमा अडान्यांची चूक झाली. पोराला त्यातलं काय ठावं न्हाई.”

मी ते इंग्रजीत सांगितलं.

“आणि हा परत येईल कशावरून?”

“त्याचं दीड एकर रान मेल्यालं हाय. त्याला त्येच जितं करायचंय. दुसऱ्याच्या मुलखात ऱ्हाऊन ते कसं करंल?”

साहेबानं आम्हाला चार वाजता यायला सांगितलं. मधले तीन तास आम्ही समोरच्या पदपथावर बसून काढले. मी घोटभर चहाही घेऊ शकलो नाही. आबांनी दोन केळी खाल्ली आणि सालं कुठं टाकायची म्हणून ती कोटाच्या खिशात ठेवली. चार वाजता शिपायानं माझा पासपोर्ट आणून दिला. उघडायला हात धजेना, तेव्हा आबांनी तो उघडला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शिक्का कुठला आणि कोरं पान कुठलं ते कळत होतं.

“हाय,” ते म्हणाले.

निघण्याच्या चार दिवस आधी मी गावी होतो. आमची पाण्याची पाळी होती. सकाळी आबा उसात दारं धरत होते आणि मी त्यांच्यामागं फावडं घेऊन उभा होतो. एका सरीत पाणी पोचलं की ते ढेकळांनी तोंड बांधायचे आणि पुढची सरी फोडायचे. मी मजेत होतो. म्हणालो, आबा, त्या अर्जनविसाला भेटलात तर विचारा, माझ्या आई-बापाला मारायची बुद्धी त्याला कुठून सुचली.

आबांनी सरीचं तोंड बांधलं, ताठ उभे राहिले आणि चिखलाचे हात धोतराला पुसले.

“त्याला बोल लावू नगंस. त्यो नगंच म्हनत हुता. मीच लिवाय सांगितलं.”

मी हातातलं फावडं सरीच्या कडेला टेकवलं.

“कायमचं बी मीच सांगितलं. त्यात रीत न्हवती का काय न्हवतं. खरंच कायमचं मागितलं हुतं.” ते पाण्याकडं बघत बोलत होते. “थोरला तिकडं गेला. मागनं तुला पोलिसांनी न्येला. तुझा सदरा धुतला रं म्या हिरीवर. तवाधरनं मला झोप न्हाई लागली कवा नीट. म्हणलं, हितं ऱ्हाईला तर ह्यो बी जानार. चुलत्याकडं गेला तर जगंल. आमाला न्हाई दिसला तरी चालंल.”

“आणि कोणी नाही, हे?”

“म्हातारा-म्हातारी मागं हायत म्हणलं असतं, तर सायेब म्हणला असता, जा बाबा, आई-बाप सांभाळ. अडवला असता तुला. म्हणून म्हणलं, लिव, कोण न्हाई.”

पाणी सरीतून वर येऊन त्यांच्या पायावरून वाहत होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळत नव्हतं. घरातला भित्रा मीच, असं मी जन्मभर समजत आलो होतो. मला अकराव्या प्रश्नानं तीन आठवडे झोपू दिलं नाही, आणि हा माणूस काही वर्षं झोपला नव्हता. मला रडू आलं. ते थांबवायचा मी प्रयत्नही केला नाही.

“मग वकिलातीत तुम्ही खोटं बोललात,” मी म्हणालो.

“व्हय. तू गाडीत घोकत हुतास त्येच म्हणलो. खरं सांगितलं असतं तर तुझं जानं ऱ्हायलं असतं.” त्यांनी फावडं माझ्या हातातून घेतलं आणि फुटलेली सरी बांधायला वाकले. “आता दोनच वर्सं मागितल्यात, तेवढ्यातच परत यायचं. आन् ते तुझ्या आईला सांगू नगंस. तिला बी मीच मारलं कागदावर.”

आईला मी कधीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी परत आलो, ते दीड एकर हळूहळू सुधारलं. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो जातानाच्या बोटीवरचा फॉर्म. मायदेशी जवळचं कोण, असा एक रकाना त्यात होता, बोटभर रुंद. मी आबांचं नाव लिहिलं आणि त्याला खेटून आईचं लिहिलं. ते रकान्यात मावेना, समासात गेलं. बोटीवरचा कारकून म्हणाला, एकच नाव पुरे, दुसरं खोडा.

मी त्याला म्हटलं, दोन्ही राहू देत.